व्हॉल्व्ह बदलायचाय, मग मूलबाळ?

तिशीच्या आत हृदयाची झडप बदलायची वेळ आली की घरचे हमखास विचारतात, "मॅडम, चांगल्यातला चांगला व्हॉल्व्ह कोणता?" या प्रश्नाला एकच उत्तर नसतं, म्हणून एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

वय चोवीस, लग्नाला वर्ष झालेलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यातून पुढे हृदयाच्या डाव्या बाजूची माइट्रल झडप आकसली. सतराव्या वर्षी नळीतून फुगा घालून ती मोकळी केली होती. आता ती पुन्हा अरुंद झाली होती आणि रक्तही मागे गळत होतं. दुरुस्ती होण्यासारखी नाही, बदलावीच लागेल, असं सर्जननी सांगितलं होतं. सोबत नवरा, सासूबाई आणि थोरला भाऊ. "मेटलचाच बसवा, एकदाच काय ते होऊन जाऊ दे," भाऊ म्हणाला. ती फाइलचा कोपरा दुमडत गप्प बसली होती.

मी बाकीच्यांना चहा घेऊन यायला सांगितलं. ते बाहेर पडताच तिने विचारलं, "मला मूल होईल ना?"

नंतर सगळ्यांसमोर बोललो. मेटलचा व्हॉल्व्ह झिजत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने घडवलेला चित्रा व्हॉल्व्ह १९९० पासून आपल्याकडे वापरात आहे. पण मेटलवर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचा आकडा, तपासत राहावा लागतो. माइट्रलला तो साधारण २.५ ते ३.५ लागतो. "टेस्ट न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात ना?" नवऱ्याने विचारलं. मेटलच्या व्हॉल्व्हला त्या चालत नाहीत. भावाला म्हटलं, "दादा, ऑपरेशन एकदाच होईल, पण गोळी तिला रोज घ्यायचीय."

खरी अडचण दिवस राहिल्यावर येते. वॉरफरिनसारख्या गोळीमुळे, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, बाळात व्यंग येऊ शकतं. गोळी मनाने थांबवली तर व्हॉल्व्ह गुठळीने अडकून आईचाच जीव जाऊ शकतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या, पण बाळापर्यंत न पोचणाऱ्या हेपारिनची इंजेक्शनं देऊन यातून वाट काढतात, मेटल व्हॉल्व्ह असलेल्या बायका बाळंतही होतात. पण असं गरोदरपण मोठ्या हॉस्पिटलच्या देखरेखीखालीच काढावं लागतं, आणि हिच्या गावाहून साध्या आयएनआरसाठी तालुक्याला जावं लागायचं.

टिश्यू व्हॉल्व्ह गाईच्या हृदयावरच्या आवरणाचा किंवा डुकराच्या झडपेचा असतो. हे ऐकून सासूबाई अवघडल्या. तरीही सांगायलाच हवं. ऑपरेशननंतर कळलं तर विश्वास जातो. या व्हॉल्व्हला रक्त पातळ करणारी गोळी सहसा पहिले काही महिनेच लागते, ठोके नियमित असतील तर. मात्र तो साधारण दहा-पंधरा वर्षं टिकतो, तरुण शरीरात त्याआधीही खराब होतो. म्हणजे दुसरं ऑपरेशन जवळपास ठरलेलं, आणि दुसऱ्या वेळी जोखीम जास्त. काहींना पायाच्या शिरेतून जुन्या व्हॉल्व्हच्या आत नवा बसवता येतो, पण खर्च मोठा आणि प्रत्येकाला जमेलच असं नाही. नवऱ्याने मोबाइलवर रॉस शस्त्रक्रियेबद्दलही वाचलं होतं. ती महाधमनीच्या झडपेसाठी करतात, हिच्या कामाची नव्हती.

ठोके नियमित होते. दोन दिवसांनी तिने स्वतः सर्जनना टिश्यू सांगितला, पुढच्या ऑपरेशनची कल्पना ठेवून. मला तो निर्णय पटला. तिला दोन मुलं असती किंवा ठोके अनियमित असल्याने गोळी तशीही लागणार असती, तर मेटलचंच पारडं जड झालं असतं.

डिस्चार्जच्या वेळी तिला पुन्हा बजावलं: मुलाचा विचार करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटायचं, दात काढायचा असेल तर व्हॉल्व्ह बसवलाय हे आधी सांगायचं, आणि लहानपणीचा तो ताप उलटू नये म्हणून चालू असलेलं दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन व्हॉल्व्ह बदलला म्हणून बंद करायचं नाही.