बोर्डिंगची ट्रंक भरण्याआधी

जूनमध्ये मूल निवासी शाळेत जाणार आहे, अशा ठाणे आणि नवी मुंबईतल्या पालकांची पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरं.

मुलगी सहावीला पाचगणीच्या शाळेत जाणार आहे. माहितीपत्रकात घोडेस्वारी, पोहण्याचा तलाव, रोबोटिक्स सगळं आहे. तिचा रोजचा दिवस कसा जाईल हे मात्र कुठेच नाही. तयारी नेमकी कशाची करून घ्यायची?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

दिवस घंटेवर चालतो. शाळेगणिक अर्ध्या तासाचा फरक पडेल, पण सांगाडा बहुतेक असा: पावणेसहाला उठायचं, दूध-बिस्किटं घेऊन सव्वासहाला पीटी, मग अंघोळ, कॉट आवरणं, आठला नाश्ता, असेंब्ली आणि दीड-दोनपर्यंत तास. जेवणानंतर सक्तीची विश्रांती, चारला खेळ, सहा ते आठ प्रेप, म्हणजे वर्गात जागेवर बसून आपला आपण अभ्यास. जेवण, आणि साडेनऊला दिवे बंद.

यातली सगळ्यात अवघड वेळ म्हणजे पीटीहून आल्यापासून नाश्त्यापर्यंतचा पाऊण तास. वीस मुलींत चार बाथरूम असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला नऊ मिनिटं येतात. त्यातच अंघोळ आणि आतले कपडे, मोजे धुऊन पिळणं. त्यानंतर केस. जिची वेणी रोज आई घालते ती पहिल्या आठवड्यात रोज उशिरा पोचते. एकीच्या उशिरामुळे सगळ्या डॉर्मचे, म्हणजे एकत्र झोपण्याच्या खोलीतल्या सगळ्यांचे, गुण कापले जात असतील, तर मोठ्या मुलींचा राग तिच्यावर निघतो. म्हणून केस खांद्यापर्यंत कापा, नाहीतर तीन मिनिटांत घट्ट पोनी बांधता येईपर्यंत सराव करून घ्या.

झोपेचं काम मे महिन्यातच सुरू करायला हवं. आपल्याकडची मुलं साडेअकराच्या आधी सहसा झोपत नाहीत. एकदम साडेनऊला गादीवर ढकललं तर मूल छताकडे बघत पडतं. आधी उठण्याची वेळ अलीकडे आणा, झोप आपोआप मागे येते. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं, म्हणजे दोन तासांचा फरक चोवीस दिवसांत भरून निघतो. सुट्टीच्या दिवशीही सूट द्यायची नाही.

जेवणाला मेसमध्ये वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. टीव्हीसमोर पाऊण तास जेवणाऱ्या मुलाचं पोट तेवढ्यात भरत नाही, आणि मग रात्री भूक लागली की घर आठवतं. महिनाभर घड्याळ लावून, स्क्रीन बंद करून, ताटात येईल ते जेवायची सवय लावा.

मुलीची पाळी सुरू झालेली नसली तरी एक पाकीट ट्रंकेत ठेवा, आणि पॅड कसं वापरायचं, गुंडाळून कुठे टाकायचं, मेट्रनला, म्हणजे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंना, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे घरीच बोलून ठेवा. यात संकोच नको. अकरा वर्षांच्या मुलीला हे अनोळखी ठिकाणी एकटीला निभवावं लागतं.

शाळेने पाठवलेल्या यादीत प्रत्येक कपड्यावर नावाची पट्टी शिवायला सांगितलं आहे. मार्करने नंबर घातला तर चालणार नाही का?
— वाचक, सीबीडी बेलापूर

नाही चालणार. शाळेची धुलाई गरम पाण्यात आणि कडक साबणात होते, मार्कर चार-पाच धुण्यांत पुसट होतो. मग पन्नास पांढऱ्या शर्टांच्या ढिगात तुमचा कोणता हे कोणालाच कळत नाही. विणलेल्या शंभर पट्ट्या करून घ्या, त्यावर नाव आणि शाळेने दिलेला धोबी नंबर. पट्टी सुती असेल तर आधी गरम पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर शिवल्यावर आटते आणि कापडाला चुण्या पडतात. चारही बाजूंनी शिवा. दोनच टोकं टाचली तर मशीनमध्ये उसवते. शर्टाला कॉलरच्या आत, पँटला कमरपट्टीच्या आत, मोज्याला वरच्या काठाशी, आणि जोडीतल्या दोन्ही मोज्यांना. सगळ्यात जास्त हरवतात ते मोजेच.

पाचगणीसारख्या ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. यादीत आतले कपडे आठ लिहिले असतील तर बारा द्या. चामड्याचे नवे बूट मात्र आत्ताच आणा आणि रोज तासभर घालायला लावा. कोऱ्या बुटांत पहिल्याच आठवड्यात टाचा सोलवटतात आणि मूल खेळाला मुकतं.

औषधं ट्रंकेत लपवून देऊ नका. मूल तापाची गोळी स्वतःच्या मनाने घेतं, तासाभराने इन्फर्मरीत, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, नर्स तीच पुन्हा देते. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सगळं इन्फर्मरीत सोपवा. दम्याचा पंप एवढा अपवाद: तो मुलाच्या खिशातच हवा, तशी लेखी परवानगी पहिल्याच दिवशी घ्या.

मुलगा मराठी माध्यमात पाचवीला आहे. डून स्कूलसारख्या शाळा आमच्या ऐपतीबाहेरच्या. सैनिक स्कूल, साताराची परीक्षा मराठीतून देता येते का?
— एक वडील, कळवा

येते. सहावीच्या प्रवेशाचा पेपर मराठीतूनही असतो. नववीचा मात्र फक्त इंग्रजीतून. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलासाठी ही वेळ योग्य आहे. प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्चला वय १० ते १२ च्या दरम्यान हवं. पेपर ३०० गुणांचा, १२५ प्रश्न, अडीच तास. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी ३ गुणांचे, म्हणजे निम्मा पेपर एकट्या गणिताचा. बुद्धिमत्ता, भाषा आणि सामान्य ज्ञान यांचे २५-२५ प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा उत्तरपत्रिकेवरचा एकही गोल कोरा ठेवू नये. परीक्षा एनटीए (नॅशनल टेस्टिंग एजन्सी) घेते. अर्ज साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान निघतात, परीक्षेचा महिना मागेपुढे होतो. निवड यादीआधी वैद्यकीय तपासणी असते, म्हणून डोळे आणि दात आत्ताच दाखवून घ्या.

साताऱ्याची शाळा १९६१ ची, देशातली पहिली सैनिक स्कूल. तिथे शिकवणं इंग्रजीतूनच चालतं. पहिलं सत्र मुलाला जड जाईल, गणित येत असूनही प्रश्न न समजल्याने गुण जातील. मार्चपासून गणित-विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं रोज अर्धा तास मोठ्याने वाचून घेतलीत तर बराच भार हलका होईल. फी मोठ्या खासगी शाळांच्या मानाने फारच कमी आहे. शिवाय पालकांच्या उत्पन्नानुसार राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळते.

पुतण्या गेल्या वर्षी गेला, तो प्रत्येक फोनवर रडायचा. आता आमचा मुलगा जाणार. रडला तर काय करायचं?
— वाचक, नेरूळ

पहिले दोन आठवडे बहुतेक मुलं रडतात, आणि रडतात ती ठरावीक वेळी: दिवे बंद झाल्यावर आणि रविवारी दुपारी, जेव्हा हाताला काम नसतं. फोनही बहुधा रविवारीच असतो, दहा मिनिटांचा. त्यामुळे तुम्हाला ऐकू येतो तो आठवड्यातला सगळ्यात वाईट तास. मंगळवारी त्याच वेळी तो मैदानावर पळत असतो. खात्री करायची तर हाऊसमास्टरांना, म्हणजे मुलांच्या निवासाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना, विचारा: जेवतो का, झोपतो का, खेळायला उतरतो का? या तिन्हींना होकार असेल तर थांबा. चार ते सहा आठवड्यांत बहुतेक मुलं रुळतात. पहिल्या सुट्टीनंतर परत जाताना पुन्हा एकदा जड जातं, तेही धरून चाला.

"नाही आवडलं तर लगेच घेऊन येईन" हे वाक्य प्रेमापोटी निघतं, पण त्याने मुलाचं फार नुकसान होतं. ते ऐकल्यावर मूल तिथे मित्र करायचं सोडून दिवस मोजत बसतं. त्याऐवजी "दिवाळीला येशील तेव्हा बसून बोलू" म्हणा आणि तो शब्द पाळा. फोनवर "बरा आहेस ना?" विचारलं की रडू फुटतं. शेजारच्या कॉटवर कोण आहे, नाश्त्याला काय होतं, हॉकीत कुठल्या जागेवर खेळलास, असं विचारा. आजीला दर बुधवारी पत्र टाकायला सांगा. पत्र मुलाजवळ राहतं, पुन्हा वाचता येतं.

मोठी मुलं लहानांना त्रास देतात असं ऐकतो. घरून ते कसं ओळखायचं?
— एक आई, ऐरोली

घराच्या आठवणीचं दुःख हळूहळू ओसरतं. त्रासाचं वाढत जातं. सारखे पैसे किंवा खाऊ मागणं, एकामागून एक वस्तू 'हरवणं', सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, दर आठवड्याला इन्फर्मरीत जाणं, आणि एखाद्या मुलाचं नाव निघालं की गप्प होणं, ही लक्षणं गंभीरपणे घ्या. फोनवर बाजूला कोणी उभं असेल तर मूल बोलणार नाही, म्हणून जाण्याआधीच एक साधं वाक्य ठरवून ठेवा. "काकांचा पाय कसा आहे?" असं त्याने विचारलं, की तुम्ही निघायचं.

तक्रार त्याच दिवशी ईमेलने, तारीख आणि घटनेसह, हाऊसमास्टर आणि मुख्याध्यापक दोघांना करा. नुसत्या फोनवर विसंबू नका. महाराष्ट्रात रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ पासून आहे. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे. तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावी लागते. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर सात दिवसही थांबायचं नाही, पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली लगेच पोलिसांत जा. १०९८ हा हेल्पलाइन नंबर मुलाला पाठ असू द्या.

प्रवेशाआधी शाळा बघायला जाल तेव्हा संगणक कक्षापेक्षा हे विचारा: रात्री डॉर्मच्या मजल्यावर कोणतं मोठं माणूस झोपतं? सहावी-सातवीची बाथरूम वेगळी आहेत का? शिक्षा करण्याचा अधिकार प्रीफेक्टना, म्हणजे शिस्त बघायला नेमलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांना, आहे का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना शाळा अडखळली, तर दुसरी शाळा बघा.

पालकभेटीच्या रविवारी ठाण्याहून जाऊन-येऊन होईल का?
— वाचक, पाचपाखाडी

पाचगणी ठाण्याहून सुमारे अडीचशे किलोमीटर. एका दिवसात होतं, पण ओढाताण होते, आणि संध्याकाळी बोरघाटात मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांची रांग लागते. शक्य असेल तर शनिवारीच निघून वाईला मुक्काम करा, म्हणजे सकाळी पसरणी घाट चढून भेटीची वेळ सुरू होताच पोचाल. खाऊ टिकणारा न्या, चिवडा किंवा शंकरपाळे, आणि आठ कॉटच्या डॉर्मला पुरेल इतका. निरोप खेळाच्या घंटेआधी घ्या. चार वाजता मूल थेट मैदानावर गेलं तर सावरतं; सात वाजता गाडीपाशी ताटातूट झाली तर प्रेपला त्याचं डोकं चालत नाही.