इग्निशन स्विच बदलताय? रंग बघून वायरी जोडू नका

मोटारसायकलचा इग्निशन स्विच नवा आणला, वायरी जोडल्या आणि गाडी चालूच होईना किंवा बंदच होईना, अशी पत्रं सतत येतात. नेहमीच्या शंकांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

प्रश्न : गाडी जुनी स्प्लेंडर. नव्या स्विचच्या लाल, काळी, हिरवी या वायरी गाडीच्या वायरींशी जुळतात. गाडीकडे काळी-पांढरी उरते, स्विचकडे पिवळी. दुकानदार म्हणतो, उरलेली उरलेलीला जोडा. जोडू का? (सांगली)

नाही. या एका सल्ल्यापायी चांगले सीडीआय (प्लगची ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) वाया जातात, म्हणून सविस्तर सांगतो.

जुन्या स्प्लेंडरचा सीडीआय एसी प्रकारचा आहे. त्याला ठिणगीसाठी वीज मॅग्नेटोकडून (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणारा भाग) मिळते, बॅटरीकडून नाही. होंडाच्या रंगपद्धतीत लाल वायर बॅटरीकडून येते, काळी हॉर्न-इंडिकेटरकडे जाते, हिरवी अर्थची (म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चासीला जोडलेली) आणि काळी-पांढरी सीडीआयची. चावी ऑन केली की लाल आणि काळी जोडल्या जातात, काळी-पांढरी मोकळी राहते. चावी ऑफ केली की लाल-काळी सुटतात आणि काळी-पांढरी हिरवीला टेकते. ठिणगी मरते, इंजिन थांबतं. काळ्या-पांढऱ्या वायरीवर बॅटरीचे 12 व्होल्ट कधीच येता कामा नयेत. आले तर सीडीआय जळू शकतो.

डीसी सीडीआयच्या गाडीत नेमकं उलट असतं. तिथे स्विचमधून 12 व्होल्ट मिळाले तरच ठिणगी पडते. दोन्ही प्रकारचे स्विच ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून एकाच खोक्यातून विकले जातात, ही ग्राहकाची फसवणूक आहे.

स्विच गाडीला लावण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवा, म्हणजे दोन वायरी आतून जोडलेल्या असतील तर तो वाजेल. चार वायरींच्या सहा जोड्या होतात. सहाही जोड्या चावी ऑफ ठेवून तपासा, मग ऑन करून पुन्हा तपासा आणि कागदावर मांडा. तुमच्या गाडीला हवा तो स्विच ऑनमध्ये फक्त एका जोडीवर वाजेल, ऑफमध्ये फक्त उरलेल्या जोडीवर. ऑनची जोडी लाल-काळीला, ऑफची काळी-पांढरी व हिरवीला. जोडीतल्या दोन वायरींची आपसात अदलाबदल झाली तरी बिघडत नाही. ऑफमध्ये काहीच वाजलं नाही तर तो स्विच तुमच्या गाडीचा नाही, परत करा.

गाडीकडच्या रंगांवरही डोळे झाकून विसंबू नका. मधे कोणी वायरिंगला हात लावला असेल तर रंग खोटे ठरतात. कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) सोडवून लालवर चावीविना 12 व्होल्ट येतात का आणि हिरवी चासीशी वाजते का, एवढं बघा. यातलं एक जरी जुळलं नाही तर तिथेच थांबा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवा.

प्रश्न : कामाआधी बॅटरी सोडवायची का?

हो, वरची 12 व्होल्टची तपासणी झाली की. आधी निगेटिव्ह काढा. जोडताना ती शेवटी.

प्रश्न : वायरी पिळून टेप मारली तर?

एका पावसाळ्यात टेपचा डिंक सुटतो, आत तांबं हिरवं पडतं. मुळात वायर कापूच नका. त्याच कपलरचा स्विच मिळत असेल तर थोडे जास्त पैसे द्या. कापावीच लागली तर क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून जोडून) वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि जोड हँडल वळतं त्या जागेपासून लांब ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

प्रश्न : हँडल डावीकडे वळवलं की गाडी बंद पडते. मेकॅनिक स्विच बदला म्हणतो. (चिपळूण)

घाई नको. हँडल वळल्यावरच गाडी बंद पडते, म्हणजे संशय आधी वायरवर घ्यायचा. हँडलच्या हेडजवळ वाकून वाकून ती आतल्या आत तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल न हलवता वायरींचा जुडगा थोडा थोडा दाबत जा. इंजिन अडखळेल तिथे दोष. किल स्विचच्या (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) वायरीही त्याच वाटेने जातात, त्याही बघा.

स्विच तपासायचा तर चावी ऑन करून, हॉर्न दाबून, लाल आणि काळी (किंवा तुमच्या गाडीच्या त्या कामाच्या वायरी) यांच्यामध्ये डीसी व्होल्ट मोजा. 0.3 च्या वर गेलं तर आतले पॉइंट खराब झाले आहेत.

प्रश्न : फक्त इग्निशनचं लॉक बदलता येतं?

येतं, पेट्रोल टाकीची चावी वेगळी राहील.

प्रश्न : फॉग लाइट इग्निशनच्या वायरीवर घेतले. फ्यूज उडतो म्हणून 10 ऐवजी 20 अँपिअरचा टाकला. आता चावीजवळ गरम लागतं. (नांदेड)

आजच जुना फ्यूज लावा आणि फॉग लाइट सोडवा. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो मोठा केला की जळायची पाळी वायरीवर आणि स्विचवर येते. 20 वॉटचे दोन दिवे म्हणजे साडेतीन अँपिअरच्या आसपास जादा भार. रिले (दिव्यांचा भार इग्निशन स्विचवर न टाकता वेगळ्या वायरीने चालू-बंद करणारा स्विच) लावा. त्याच्या पिनांवर नंबर असतात : 30 नंबरला बॅटरीकडून स्वतंत्र फ्यूजची वायर, 87 दिव्यांना, 86 इग्निशननंतरच्या वायरीला फॉग लाइटच्या बटणातून, 85 अर्थला. त्याआधी स्विचचा कपलर उघडून बघा. प्लास्टिक पिवळं पडलं किंवा वितळलं असेल तर कपलरही बदला, नाहीतर नवा स्विचही तापेल.

प्रश्न : चावीत चिप आहे.

मग घरी हात लावू नका. डीलरकडेच जा.

प्रश्न : गॅरेजवाल्याने गाडी ‘डायरेक्ट’ (चावीविना चालू होईल अशी) करून दिली. स्विच येईपर्यंत महिनाभर चालवू का?

एक दिवसही नको. चावी काढली तरी बॅटरीची लाइन चालू राहते, बॅटरी उतरते, आणि गाडी कोणीही नेऊ शकतो. चोरी झाली तर विमा कंपनी हेच विचारेल. स्विच मिळेपर्यंत गाडी घरी उभी ठेवा, बॅटरीचा निगेटिव्ह काढून. आणि नवा स्विच बसवताना डायरेक्टसाठी मारलेला प्रत्येक जोड इलेक्ट्रिशियनकडून तुमच्यासमोर काढून घ्या.