सोसायटी चार्जर बसवू देत नाही

प्रश्न : पुण्यातील आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत मला स्टिल्टखाली (इमारतीच्या खांबांमधील मोकळ्या तळमजल्यावर) पार्किंगची जागा वाटून मिळाली आहे. इलेक्ट्रिक मोटारीसाठी ७.२ किलोवॉटचा चार्जर बसवण्यास समितीने ‘आगीचा धोका’ असे तोंडी सांगून नकार दिला. तूर्त तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज करतो. रोजची धाव ५० किलोमीटर आहे. काय करावे?

उत्तर : गॅलरीतून सोडलेली ती वायर आजच काढावी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांनुसार वाहन चार्ज करताना एक्स्टेन्शन जोडण्यास मनाई आहे, आणि समितीच्या हाती आपल्याविरुद्ध आज पुरावा असेल तर तो हीच वायर आहे.

स्टिल्टची जागा आपली मालकीची नाही. नहालचंद लालूचंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती सामाईक ठरवली असल्याने आपला हक्क वापरापुरता आहे आणि मीटररूमपासून केबल नेण्यास संस्थेची संमती घ्यावीच लागेल. परंतु संमती देण्याचा अधिकार म्हणजे मनमानी नकाराचा अधिकार नव्हे. घरच्या वीजजोडणीवरून वाहन चार्ज करण्यास केंद्राने जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत मान्यता दिली असून, ग्राहकाने मागितल्यास चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी देण्याची तरतूद वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली झाली.

माझ्या मते आपण चार्जरची निवडच बदलावी. ५० किलोमीटरला साधारण सात-आठ युनिट लागतात आणि ३.३ किलोवॉटचा चार्जर तेवढे अडीच तासांत भरतो, ७.२ किलोवॉटसाठी मात्र वीजबिलावरील मंजूर भार बहुधा वाढवावा लागेल आणि तेवढ्याने समितीला हरकतीचे नवे निमित्त मिळेल. स्वतःच्या मीटरवरून स्वतंत्र सर्किट, ३० मिलिअँपिअर वीजगळती होताच पुरवठा तोडणारे संरक्षक उपकरण आणि जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंचीवर सॉकेट, असा परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा आराखडा अर्जाला जोडावा, म्हणजे आगीच्या आक्षेपाला कागदावरच उत्तर मिळेल.

खर्च व देखभाल माझी, हे हमीपत्र सोबत द्यावे आणि निर्णय कारणांसह लेखी मागावा. तरीही नकार आला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, तसेच महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दाद मागता येते. तिथे तोंडी नकार सिद्ध करणे फार जड जाते. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर संस्थेचा शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि सचिवांनी अर्ज स्वीकारलाच नाही तर तो स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.