३५ दिवसांचं पिल्लू, लातूरचा मे महिना अन् गच्चीवरचं पत्र्याचं शेड

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टरांनी औशाकडच्या मित्राच्या शेतातून ३५ दिवसांचं पिल्लू आणलंय, दोन दिवस झाले, रात्रभर रडायलंय, सासूबाई मायेनं दूध-पोळी घालायलेत पण संडास पातळ लागलीय, पोरगा त्याला घेऊन गल्लीभर फिरायलाय अन् तुम्ही दोघं ड्युटीवर गेले की दुपारी ते गच्चीवर पत्र्याच्या शेडात बांधलेलं असतं. तुम्ही मुख्य विचारलंय ते एवढंच, की लस कधी द्यायची अन् खायला काय घालायचं. पण तुमच्या लिहिण्यात या दोन गोष्टींपेक्षा जास्त काळजीच्या गोष्टी आहेत म्हणून जरा लांबलचक लिहितो. वीस-बावीस वर्षं झाली आमच्या परभणीच्या घरात कुत्रं नाही असा काळ गेला नाही, चुका केल्यात, त्यातल्या दोन अजून जिवाला लागून आहेत, त्याही सांगतो.

पहिलं सांगणं पोराला अजिबात आवडणार नाही. पिल्लाची आई शेतावर असेल, तिला अजून दूध असेल, तर पिल्लू उद्याच्या उद्या तिच्याकडं नेऊन सोडा अन् आठ आठवडे भरल्यावर परत आणा. दोनच दिवस झालेत, बहुतेक कुत्री जवळ घेते, अर्धा तास थांबून बघा म्हणजे तुमचंही समाधान होईल. आपल्याकडं लोक म्हणतात लहान आणलं की लळा लागतो, म्हणून डोळे उघडले की उचलून आणतात. खरं तर पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळता खेळता शिकतं की दात किती जोरात लावायचा, जोरात चावलं की दुसरं ओरडतं अन् खेळ बंद पडतो. हे शिक्षण हुकलेलं कुत्रं मोठं झाल्यावर लेकराच्या हाताला खेळताना रक्त काढतं अन् मग आपणच म्हणतो लई कडवं निघालं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे ती काही उगं नाही. तुम्हाला फुकट मिळालं असलं तरी पिल्लाला त्याचा काय फरक पडतो. अन् तुम्ही दोघं नोकरीला, या वयाला चार-चार तासांनी खाणं लागतं, ते सासूबाईंच्या एकट्या जिवावर टाकू नका.

आई मेलीय किंवा तिचं दूध आटलंय असं असेल तर मग घरीच वाढवा, पण गाईचं नाहीतर म्हशीचं दूध आजपासून बंद. कुत्रीच्या दुधात चरबी अन् प्रथिनं कितीतरी जास्त असतात अन् आपल्या दुधातली साखर पिल्लाला पचत नाही, तुमच्या पिल्लाची संडास बहुतेक त्यानंच बिघडलीय. तरी पाय गळालेले वाटले, खाणं सोडलं किंवा संडासात रक्त दिसलं तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. नसेल तसं तर दुकानात लहान पिल्लांचं स्टार्टर मिळतं ते कोमट पाण्यात भिजवून मऊ करून दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. ते परवडत नसेल तर मऊ भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन हातानं बारीक करून, अंडं उकडून, थोडं ताजं दही. ज्वारीची भाकरी वाईट नाही, आमची सगळी कुत्री भाकरीवरच वाढली, पण भाकरीसोबत अंडं-मटण-चिकनपैकी काहीतरी रोज पाहिजेच, नुसत्या दूध-भाकरीवर वाढलेली पिल्लं पोट सुटलेली अन् पायानं वाकडी होतात. तीन-चार महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. कॅल्शियमचं टॉनिक मनानं चालू करू नका, ते जास्त झालं तरी हाडं बिघडतात.

कांदा-लसूण कुत्र्याला चालत नाही, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्या घरात येसर घातलेली आमटी असो की रस्सा, कांदा-लसणाशिवाय काही होतच नाही, म्हणून ताटातलं उरलेलं घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावू नका. माझी सासुरवाडी निलंग्याची, एका येळवशीला, म्हणजे शेतात जेवायला जायच्या वेळ अमावस्येला, आमच्या राजा नावाच्या कुत्र्याला घेऊन शेतावर गेलो, पाहुण्यांनी कौतुकानं पोटभर भज्जी-अंबील (त्या सणाची लसूण घातलेली मिसळ भाजी अन् ताकातली अंबील) घातली अन् पुढं तीन दिवस उलट्या अन् सलाईन. द्राक्षं, मनुके, चॉकलेट, शिजवलेली कोंबडीची हाडं हेही नाही, शिजलेलं हाड दाताखाली चिरफळतं अन् आतड्यात टोचतं. लेकराच्या तापाचं पॅरासिटामॉलचं औषध तर कधीच नको.

आता लस, अन् माझी पहिली चूक. २००९ ला एक पिल्लू आणलं होतं, मोती. घरात लगीनसराई होती, आज करू उद्या करू म्हणत लस दोन आठवडे लांबली अन् तेवढ्यात मी त्याला रोज संध्याकाळी चौकात फिरवून आणायचो, लोक कौतुक करायचे म्हणून. एके दिवशी उलटी, मग पाण्यासारखी रक्ताची संडास, तो वास ज्यानं एकदा घेतला त्याला विसरत नाही. पार्वो, पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा विषाणूचा आजार. तिसऱ्या रात्री गेला माझ्या मांडीवर. दुसरी चूक त्याहून मोठी. पोरं रडायलीत म्हणून महिन्याभरात त्याच अंगणात दुसरं पिल्लू आणलं, मला कुणी सांगितलंच नाही की पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही जिवंत राहतो. तेही गेलं. म्हणून सांगतो, तुमच्या पोराचं पिल्लाला गल्लीत फिरवणं आजच बंद. लसीचा कोर्स संपेपर्यंत त्याचा पाय रस्त्यावरच्या मातीला लागू नये, बाहेरची चप्पल दाराबाहेर, गल्लीतल्या कुत्र्याला हात लावला तर हात धुवून मगच पिल्लू घ्यायचं. उचलून कडेवर घेऊन गाड्या, माणसं, आवाज दाखवा, ते उलट चांगलंय.

पार्वोसारख्या आजारांची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, साधारण सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. लोक विचारतात एकच लस परत परत कशाला. आईच्या चिकातून पिल्लाला जी ताकद आलेली असते ती आपल्या लसीलाही हाणून पाडते, अन् ती नेमकी कधी उतरते हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून टप्प्याटप्प्यानं द्यावी लागते. मधला एक डोस चुकवला की सगळं भिजत पडतं. रेबीजची तीन महिन्यांनंतर, त्याचा बूस्टर डॉक्टर सांगतील तेव्हा अन् पुढं दरवर्षी. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, नंतर तीन महिन्यांनी एकदा. अन् एक लक्षात ठेवा, लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते. आपल्याकडं मे महिन्यात मेडिकलमधून घेऊन शर्टाच्या खिशात घालून घरी आणून कुणाकडून तरी टोचून घेतात, तसलं करू नका. दवाखान्यात फ्रीजमधून काढून तुमच्या डोळ्यासमोर द्यायला लावा अन् बाटलीवरचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, ६ जुलैला जागतिक प्राणिजन्य आजार दिन असतो अन् २८ सप्टेंबरला रेबीज दिन, त्या सुमाराला बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस मोफत देतात. केस अवघड झाली तर तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आम्हाला परभणीचं आहे.

ताई, हे मात्र नीट वाचा. पिल्लाची आई शेतावरची, तिला रेबीजची लस झालेली आहे का हे मित्राला आजच विचारा. पोराच्या हाताला पिल्लाचे दात लागून ओरखडे आलेत असं तुम्ही सहज लिहून गेलात. लहान पिल्लालाही रेबीज असू शकतो, अन् रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही असंच समजा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची, चुना, हळद, तिखट, तंबाखू काही भरायचं नाही, झाडपाला देणाऱ्याकडं जायचं नाही, सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरला दाखवायचं. कातडीत द्यायच्या लसीचे डोस ०, ३, ७ अन् २८ व्या दिवशी असतात, चारही पूर्ण करायचे. रक्त आलेलं असेल तर जखमेत सीरम, म्हणजे तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शनही लागतं, ते तिथंच सांगतील. उद्या सकाळी ड्युटीला उशीर झाला तरी चालेल, हे पहिलं करा.

पत्र्याचं शेड. लातूरला मे महिन्यात बेचाळीस डिग्री बाहेर असते, पत्र्याखाली काय होतं ते दुपारी बारा वाजता स्वतः दहा मिनिटं बसून बघा म्हणजे मी सांगायची गरज नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर टाकतं, अन् हवाच भट्टीसारखी असली की तेही चालत नाही. खालच्या खोलीत फरशीवर, खिडकीला ओलं गोणपाट, मातीच्या पसरट भांड्यात पाणी, एवढं पुरतं, एसी लागत नाही. फिरवायचं ते पुढं कोर्स झाल्यावर, पहाटे नाहीतर दिवस मावळून रस्ता गार झाल्यावर, डांबरावर आपला तळहात पाच सेकंद टेकवत नसेल तर त्याचे पायही भाजतात. ऊन लागलं की लाळ गळते, हिरड्या लाल भडक होतात, झोकांडी जाते. तेव्हा सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओतत राहायचं, फॅन लावायचा, बर्फात घालायचं नाही अन् तसंच दवाखान्याकडं निघायचं. पाण्याचं म्हणाल तर २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते तुम्ही स्वतः बघितलंय, कुत्र्यापायी पाणी वाया जात नाही, आंघोळ महिन्यातून एकदा भरपूर झाली, पण प्यायचं भांडं कधी रिकामं नको.

पाऊस पडला की गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवून बघायची सवय लावा. ती भिंतीच्या भेगांतही राहते, त्यामुळं नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, बसायची जागाही साफ करावी लागते. गुरांच्या गोचिडासाठी आणलेलं औषध अंदाजानं चोळू नका, कुत्रं अंग चाटतं, अशी विषबाधा मी आमच्या गल्लीतच बघितलीय. ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त असं काही दिसलं तर रक्त तपासायला सांगा, अन् गोचीड-तापाच्या गोळ्या महिनाभर सांगितल्या असतील तर पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत.

मादी आहे म्हणून मित्रानं फुकट दिली, ठेवावी का, असं तुम्ही शेवटी घाबरत घाबरत विचारलंय. ठेवा की ओ ताई, खुशाल ठेवा. आमच्या घरातलं सगळ्यात शहाणं कुत्रं मादीच होती, चौदा वर्षं राहिली. फक्त ऑपरेशन करून घ्या, कधी करायचं ते डॉक्टर वजन अन् तब्येत बघून सांगतील. नाही केलं तर वर्षातून साधारण दोनदा माजावर येणार, दारात गल्लीतली दहा कुत्री, अन् एकदा गाभण राहिली की त्रेसष्ट दिवसांत पाच-सहा पिल्लं. त्यातले नर लोक नेतात अन् माद्या कुणीतरी पोत्यात घालून बायपासला सोडून येतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. शिवाय वय झाल्यावर गर्भाशयात पू होतो तो वेगळाच, त्यात जीवही जातो.

जातिवंत कुत्रं घ्यायला पाहिजे होतं का, याचं उत्तर माझ्याकडून नाही असंच येईल. संभाजीनगरात मी हस्की, म्हणजे बर्फाळ मुलखातला कुत्रा, बघितलाय, दिवसभर कुलरसमोर पडलेला, जीव कासावीस व्हायचा बघून. आपल्याकडं चाकूर तालुक्यात जानवळला कारवान अन् पश्मी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेत, देवणी अन् लाल कंधारी जनावरासारखीच ती आपल्या मातीतली कुत्री. पण त्यांना पळायला शिवार लागतं, गल्लीतल्या घरात ती कुढतात. तुमची गावठी मादी या उन्हाला अन् या खाण्याला जन्मापासून बनलेली आहे.

साखळी दिवसभर नको, कायम बांधलेलं कुत्रं हमखास अंगावर यायला लागतं. बाहेर नेताना मात्र पट्टा हातात पाहिजेच, शेजारच्या काकू घाबरतात तर त्यांचं घाबरणं खरंच आहे असं धरून चला, अन् त्यांच्या दारात घाण केली तर आपणच उचलायची. महानगरपालिकेत परवान्याची चौकशीही करून ठेवा.

घरात एक वही करा, त्यावर लस, जंत, वजन लिहायचं अन् ते काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा. सगळ्यांचं कुत्रं म्हणजे डोस चुकणारं कुत्रं, आमच्या मोतीचं तेच झालं होतं, मला वाटलं भावानं नेलं असंल अन् भावाला वाटलं मी नेलं. पोरगा आठवीत आहे म्हणालात ना, त्याच्याच हातात द्या वही. उद्या आधी त्याचा हात दाखवून या, मग पिल्लाला शेतावर सोडायला जाताना त्यालाही सोबत न्या, रडंल, पण परत कधी आणायचं ती तारीख त्यालाच वहीत पहिल्या पानावर लिहायला सांगा. अन् निघायच्या आधी पिल्लाचं वजन करून मला कळवा, किराणा दुकानातल्या काट्यावर पिशवीत ठेवून केलं तरी चालतं, जंताच्या औषधाचा डोस त्यावरच ठरतो अन् डॉक्टरही पहिलं तेच विचारतील.