खिमा खाऊन कोलॅजेन मिळते का?

अमेरिकेतील काही लोक गोमांसाच्या खिम्यातून आणि त्यातील चिवट भागांतून कोलॅजेन (कातडी, सांधे यांना बळकटी देणारे प्रथिन) मिळवतात. मग बकऱ्याच्या खिम्यातून तेच साधेल, की कोलॅजेन पावडरचा डबा घ्यावा लागेल, असे आपण विचारले आहे. महाराष्ट्रात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी असल्याने बकऱ्याचाच विचार करणे योग्य. कोलॅजेनच्या बाबतीत त्याने काही अडत नाही. मात्र खिमा हा त्याचा सर्वांत चांगला मार्ग नव्हे.

कोलॅजेन कातडी, कंडरा, कूर्चा आणि हाडे यांत ठासून भरलेले असते. स्नायूत ते धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या पातळ पडद्यांपुरतेच असते. त्यामुळे मांडीच्या साफ केलेल्या मांसाच्या खिम्यात ते थोडे येते, तर मान आणि नळीकडचे मांस पडद्यांसकट बारीक करून घेतल्यास बरेच जास्त. बारीक केल्याने चिवटपणा दाताला जाणवत नाही आणि खिमा लवकर शिजतो, पण कोलॅजेन विरघळून त्याचे जिलेटिन (थंड झाल्यावर जेलीसारखे घट्ट होणारे प्रथिन) होण्यासाठी ओलाव्यात काही तासांची उष्णता लागते.

म्हणूनच मी बकऱ्याचे पाय सुचवीन. आमच्या सांगलीत खाटकाकडे ते जाळून, खरवडून मिळतात. मिरी, आले-लसूण घालून मंद आचेवर तीन-चार तास, किंवा कुकरमध्ये सुमारे तासभर शिजवावेत. कुकरमधील तापमान १२० अंशांच्या आसपास जात असल्याने वेळ वाचतो. पिताना ओठ चिकटू लागले, की जिलेटिन उतरले असे समजावे. उरलेला रस्सा रात्री फ्रीजमध्ये ठेवल्यास सकाळी वर चरबीचा पांढरा थर आणि खाली थरथरणारी जेली दिसते. तो पातळच राहिला, तर पाणी जास्त झाले किंवा शिजणे कमी पडले. मटणाच्या ताटातील अळणी चवीला उत्तम, पण हाडे कमी आणि पाणी भरपूर असल्याने ती एवढी जमत नाही. मानेतील जाड पिवळसर पट्टा मात्र मुख्यत्वे इलॅस्टिन या दुसऱ्या, रबरासारख्या प्रथिनाचा असतो. कितीही शिट्ट्या दिल्या तरी तो मऊ होत नाही, म्हणून तो काढायला सांगावा.

खाल्लेले कोलॅजेन जसेच्या तसे गुडघ्यात जाऊन बसत नाही. पोटात त्याची अमिनो आम्ले आणि काही छोटे तुकडे होतात, आणि शरीर त्यांतून गरजेप्रमाणे आपली प्रथिने घडवते. पावडरचेही तेच होते. तिच्यातील कोलॅजेन आधीच विकरांनी (एन्झाइमनी) तोडलेले असते, एवढाच फरक. तिच्याबद्दलच्या बऱ्याच चाचण्या उत्पादकांच्याच पैशातून झालेल्या असल्याने डब्यावरील दावे मी जपूनच वाचते. शिवाय कोलॅजेनमध्ये ग्लायसीन हे अमिनो आम्ल सुमारे एक तृतीयांश असले, तरी ट्रिप्टोफॅन हे आहारातूनच मिळवावे लागणारे अमिनो आम्ल मुळीच नसते. त्यामुळे पायाचा रस्सा डाळ, अंडी किंवा मांस यांची जागा घेऊ शकत नाही. शरीराला कोलॅजेन घडवण्यासाठी क जीवनसत्त्वही लागते, तेव्हा पेरू किंवा आवळा आहारात असावा आणि रस्सा ताटात घेतल्यावरच त्यात लिंबू पिळावे, कारण शिजवताना हे जीवनसत्त्व कमी होते.

कोलॅजेनमधील हायड्रॉक्सीप्रोलीन या अमिनो आम्लाचे शरीरात काही प्रमाणात ऑक्सॅलेट होते, आणि अनेक मुतखडे त्याचेच बनतात. आपल्याला पूर्वी मुतखडा झालेला असल्यास रोज रस्सा पिण्याचा नेम डॉक्टरांना विचारूनच धरावा.