नडगीचं सहा सेंटीमीटर हाड गेलंय. पाय वाचवावा की कापावा?

तुमच्या धाकट्या भावाचा बाइकवर अपघात, नडगीचं सहा सेंटीमीटर हाड गेलं, वर कातडी नाही. एक डॉक्टर रिंग (पायाभोवती बाहेरून बसवायची, तारांनी हाडाला धरलेली कड्यांची चौकट) म्हणतात, दुसरे गुडघ्याखाली कापू म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण माझ्या पायात इलिझारोव्हची रिंग होती, त्यावरून लिहितो.

दोघांपैकी कुणीही तुम्हाला फसवत नाही. अशा रुग्णांचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 2002 मध्ये छापून आला. दोन वर्षांनी पाय वाचवलेले आणि कापलेले यांचं चालणं-फिरणं जवळपास सारखंच निघालं. वाचवलेल्यांना पुन्हा भरती मात्र जास्त वेळा व्हावं लागलं. तेव्हा पुढच्या वर्षभराचा हिशेब आधी मांडा.

पहिली गोष्ट कातडीची. हाड उघडं राहिलं की पू ठरलेला. नडगीच्या वरच्या भागात पोटरीचा स्नायू वळवून झाकता येतं. घोट्याजवळ तो पोचत नाही, मग पाठीचा किंवा मांडीचा तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढून सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. जिथे असा प्लास्टिक सर्जन नाही तिथे नुसती रिंग बसवून घेऊ नका, आधी मोठ्या दवाखान्यात हलवा.

रिंगची पद्धत सैबेरियातल्या कुर्गानच्या डॉ. इलिझारोव्ह यांची. (1964 चा ऑलिम्पिक उंच उडी विजेता ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात सापडला, बरीच ऑपरेशनं फसल्यावर त्यांच्याकडेच गेला.) गुडघ्याजवळ धड हाड कापतात, आठवडाभर थांबतात, मग तो सुटा झालेला तुकडा रोज एक मिलिमीटर खाली, रिकाम्या जागेकडे सरकवतात. मागच्या फटीत नवीन हाड धरत जातं. हे काम घरीच होतं: दहा नंबरचा पाना, नट पाव फेरा, दिवसातून चार वेळा. आमच्याकडे पाना बायकोच्या हातात असायचा, मी नुसता पाढे म्हटल्यासारखे फेरे मोजायचो. सहा सेंटीमीटरला सरकवण्याचेच दोन महिने. नवीन हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ जातो, म्हणजे सहा ते आठ महिने झाले; खालचा जोड धरेपर्यंत रिंग नऊ महिने ते वर्षभर धरून चाला. तुकडा खाली टेकतो तिथे बहुतेकदा कमरेचं हाड काढून भरावं लागतं. ते ऑपरेशन वेगळं, त्याचा खर्च आत्ताच विचारा. जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते दवाखान्यातला आरोग्यमित्र सांगेल.

तारा कातडीतून जातात तिथे रोज साफसफाई. लाली आली, पाणी सुटलं, की त्याच दिवशी दाखवायचं. लेंग्याची एक बाजू उसवून नाड्या लावून घ्या, नाहीतर रोज कपड्यांवरून वैताग. घोटा आखडून टाच वर राहू नये म्हणून फिजिओ पहिल्या आठवड्यापासून. डॉक्टर सांगतील तेव्हा वजन टाकायचं, दुखलं तरी. आणि भाऊ बिडी-सिगारेट ओढत असेल तर आजच बंद, धुराने हाड धरत नाही.

पायाला रक्तपुरवठाच उरला नसेल किंवा चिघळून जिवावर बेतलं असेल, तर कापण्याला नाही म्हणू नका. गुडघा शाबूत असला की कृत्रिम पायावर माणूस कामावर जातो. पण रक्तपुरवठा ठीक असेल, भाऊ तरुण असेल आणि घरात कुणीतरी रोज पाना धरणारं असेल, तर मी रिंगच्या बाजूने. मात्र काढायची घाई नको: एक्स-रेत नवीन हाडाच्या चारपैकी तीन बाजू भरलेल्या दिसेपर्यंत डॉक्टरांच्या मागे लागू नका.