मिखाईल प्रोखोरोव्ह : पैसा कुठून आला, मते कुठे अडली?

प्रश्न : २०१२ मध्ये पुतिन यांच्याविरुद्ध रशियाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिलेले अब्जाधीश प्रोखोरोव्ह मुळात श्रीमंत कसे झाले?

उत्तर : बँकेच्या वाटेने. १९९३ मध्ये भागीदार उद्योगपती व्लादिमिर पोतानिन आणि त्यांनी ओनेक्झिम बँक उभी केली. दोन वर्षांनी येल्त्सिन सरकारची तिजोरी रिकामी असताना ‘कर्जाच्या बदल्यात समभाग’ ही योजना आली आणि ती सुचवण्यात पोतानिनच पुढे होते. बँकेने सरकारला कर्ज द्यायचे, सरकारी कंपनीचे समभाग तारण ठेवून घ्यायचे आणि कर्ज थकले की ते विकायचे. कर्ज फिटणार नाही, हे उघड होते.

आर्क्टिकमधल्या नोरिल्स्क निकेल या सरकारी खाणकंपनीचे ३८ टक्के समभाग नोव्हेंबर १९९५ मध्ये लिलावात निघाले. मतदानाचा हक्क असलेल्या समभागांपैकी निम्म्याहून अधिक त्यात होते, म्हणजे कंपनीचा ताबाच. किमान बोली १७ कोटी डॉलर; जिंकणारी बोली ओनेक्झिमची, १७.०१ कोटी. ३५.५ कोटींची प्रतिस्पर्धी बोली बाद झाली. हमी देणाऱ्या बँकेचे भांडवल अपुरे असल्याचे कारण दिले गेले. लिलाव चालवत होती खुद्द ओनेक्झिम! ज्याची बोली त्याच्याच हाती हातोडा असेल, तर त्याला लिलाव म्हणता येत नाही.

प्रश्न : म्हणजे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व काहीच नाही?

उत्तर : आहे. २००१ ते २००७ नोरिल्स्कची धुरा त्यांच्याकडे होती. पोतानिन यांच्याशी भागीदारी तुटल्यावर एप्रिल २००८ मध्ये त्यांनी नोरिल्स्कमधला आपला चतुर्थांश हिस्सा रुसाल या ॲल्युमिनियम कंपनीला दिला. बदल्यात अब्जावधी डॉलर रोख आणि रुसालचे १४ टक्के समभाग घेतले. काही महिन्यांतच धातूंचे भाव कोसळले. बाकीचे उद्योगपती कर्जात बुडत असताना यांच्या हाती रोकड होती. येणे राहिलेल्या रकमेचा मोठा भाग मात्र पुढे समभागांतच घ्यावा लागला.

प्रश्न : राजकारणात हा पैसा का चालला नाही?

उत्तर : कारण तिथे प्रवेशाचे दार क्रेमलिनच्या ताब्यात आहे. जून २०११ मध्ये ते ‘राइट कॉज’ पक्षाचे नेते झाले, सप्टेंबरमध्ये बाहेर पडले. क्रेमलिनचे व्लादिस्लाव सुर्कोव्ह पक्ष बाहेरून चालवतात, असा आरोप प्रोखोरोव्ह यांनी जाहीरपणे केला. मग अपक्ष उमेदवारी. त्यासाठी २० लाख सह्या लागत आणि एका प्रांतातून ५० हजारांहून अधिक चालत नसत. म्हणजे किमान ४० प्रांतांत माणसे हवीत, तीही नववर्षाच्या सुट्ट्यांत. याच चाळणीत विरोधी नेते याव्लिन्स्की यांचा अर्ज सह्या सदोष ठरवून फेटाळला गेला, प्रोखोरोव्ह यांचा टिकला. त्यांना देशभर जवळपास ८ टक्के मते मिळाली आणि ते तिसरे आले. मॉस्कोत मात्र सुमारे २० टक्के मते घेऊन दुसरे.

शहरी मध्यमवर्गाचा तो पाठिंबा खरा होता. पण २०१३ मध्ये उमेदवारांच्या परदेशी खात्यांवर बंदी आली. मालमत्ता वेळेत रशियात हलवणे शक्य नसल्याने मॉस्कोच्या महापौरपदाची निवडणूक त्यांनी सोडली. २०१५ मध्ये स्वतः स्थापन केलेला ‘सिव्हिक प्लॅटफॉर्म’ पक्षही सोडला.